बीटा-ग्लुकॅन कोणतं आणि किती, ते लेबलावर स्पष्ट लिहायला लावा

प्रति,
अन्नपदार्थांच्या लेबलांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी कोडेक्सची समिती
आणि त्या निकषांवरून आपापल्या देशात नियम करणारे सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

रात्री साडेदहाला फोन वाजला की आधी घरातल्या आजारी माणसाचीच आठवण होते. फोन नणंदेचा होता. तिच्या यजमानांना मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया झाली होती, केमोची चौथी फेरी नुकतीच संपली होती. “वहिनी, एक विचारू? तुम्ही सारखं सांगता ना, ओट्समधलं ते बीटा-ग्लुकॅन चांगलं म्हणून. मला कॅप्सूलचा एक डबा मिळालाय, त्यावर हेच नाव आहे, मोठ्या अक्षरांत. ह्यांना ओट्स गिळवत नाहीत. त्याऐवजी ही कॅप्सूल दिली तर चालेल ना? कर्करोगावर पण असते म्हणे.”

माझी अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळेत धान्याच्या पिठातले तंतू (फायबर) मोजण्यात गेली, आणि ओट्समधलं बीटा-ग्लुकॅन हा त्यातलाच एक तंतू. तरी मला तिला पटकन उत्तर देता आलं नाही, कारण तिच्या त्या एका प्रश्नात तीन वेगवेगळे पदार्थ एकाच नावाखाली बसले होते. फोन ठेवल्यावर आधी स्वतःचा राग आला, मग डब्याचा, आणि मग तसा डबा छापू देणाऱ्या नियमांचा. नियम तुमच्या हातात आहेत, म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुम्हाला रसायनशास्त्र शिकवायचा माझा इरादा नाही, पण हे पत्र इतर वाचकही वाचणार आहेत, तेव्हा थोडं सांगते. ग्लुकोजच्या कड्या एकीला एक जोडत गेलं की साखळी होते. कड्या कोणत्या जागी आणि कोणत्या बाजूने जोडल्या, यावर सगळा खेळ आहे. एका तऱ्हेने जोडल्या तर पिष्ट होतं, आपण ते पचवतो. दुसऱ्या तऱ्हेने जोडल्या तर सेल्युलोज, म्हणजे कागद आणि कापूस. ओट्स आणि जव यांच्यात 1,3 आणि 1,4 अशा दोन्ही जोडांची सरळ साखळी असते (हे आकडे म्हणजे कडीवरच्या जोडाच्या जागांचे क्रमांक). मधूनमधून येणाऱ्या 1,3 जोडांमुळे ती सेल्युलोजसारखी घट्ट रचून बसत नाही, पाण्यात फुगते आणि चिकट होते. यीस्ट आणि अळंबी यांच्या पेशीभित्तिकेत मात्र 1,3 जोडांची मुख्य साखळी असते आणि तिला 1,6 जोडांनी फांद्या फुटलेल्या असतात. यीस्टमधला पदार्थ तर पाण्यात फारसा विरघळतही नाही. दोन्हींना नाव एकच, बीटा-ग्लुकॅन. दोरी आणि काटेरी झुडूप दोन्ही ‘वनस्पतिजन्य’ म्हणून एकाच पिशवीत घालावं, तसं हे आहे.

धान्यातल्या बीटा-ग्लुकॅनचं काम बऱ्याच अंशी यांत्रिक आहे, आणि म्हणूनच ते मला आवडतं. त्यात गूढ काही नाही. ओट्स शिजवून, पाणी घालून, फडक्यातून गाळा आणि ते पाणी गार होऊ द्या. चमचा बुडवून वर उचलला की थेंब तुटत नाही, तार धरतो. लहान आतड्यातही हेच होतं. अन्नाचा लगदा दाट होतो, साखर आतड्याच्या भिंतीपर्यंत हळू पोचते, जेवणानंतर रक्तातल्या साखरेची उडी बसकी होते. पित्तातली आम्लं एरवी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जाऊन यकृताकडे परत जातात. ती या दाट लगद्यात अडकतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. यकृताला नवी पित्ताम्लं करावी लागतात, त्यासाठी लागणारं कोलेस्टेरॉल ते रक्तातून ओढून घेतं, आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, उतरतं.

ही गोष्ट आजकालची नाही. मधुमेहींना ओट्सचा आहार देण्याचा उपाय कार्ल फॉन नूर्डेन हे जर्मन डॉक्टर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच करत होते, इन्शुलिन यायच्या आधी. 1963 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 21 पुरुषांना रोज 140 ग्रॅम ओट्स पावात घालून तीन आठवडे खायला दिले आणि कोलेस्टेरॉल उतरल्याचं ‘द लॅन्सेट’मध्ये छापलं. (तुमच्या कोडेक्स आयोगाची पहिली बैठकही त्याच वर्षी भरली. योगायोगच, पण मला तो गोड वाटतो.) पुढे कितीतरी चाचण्या झाल्या. 2014 साली 28 चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिवसाला 3 ग्रॅम किंवा त्याहून जास्त ओट्स-ग्लुकॅन घेतलं तर एलडीएल सरासरी 0.25 मिलिमोल प्रति लिटर, म्हणजे जवळपास 10 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, उतरतं असं दिसलं. औषधाची बरोबरी यात नाही, पण नाश्त्याच्या वाडग्याकडून एवढं मिळत असेल तर ते पुष्कळ आहे.

याच पुराव्यावर अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 1997 साली ओट्ससाठी हृदयविकाराबाबतचा दावा मंजूर केला. दिवसाला 3 ग्रॅम आणि एका वाढणीत किमान 0.75 ग्रॅम, अशी अट घातली. जव नंतर त्यात आले. युरोपीय संघाने 2012 च्या नियमावलीत तोच 3 ग्रॅमचा आकडा ठेवला आणि वाढणीत किमान 1 ग्रॅम मागितला. तिथे जेवणानंतरच्या साखरेसाठी वेगळा, जास्त कडक निकष आहे: 30 ग्रॅम उपलब्ध कर्बोदकांमागे 4 ग्रॅम बीटा-ग्लुकॅन. आता कागद-पेन घ्या. साध्या ओट्सच्या 100 ग्रॅममध्ये 4 ते 5 ग्रॅम बीटा-ग्लुकॅन आणि साठेक ग्रॅम पचणारी कर्बोदकं असतात. म्हणजे 30 ग्रॅम कर्बोदकांमागे फार तर अडीच ग्रॅम. साधे ओट्स या निकषात बसतच नाहीत. त्यात बसायला कोंडा वेगळा काढून घातलेला पदार्थ लागतो. तरीही ‘ओट्स साखर ताब्यात ठेवतात’ हे वाक्य कुठल्याही पाकिटावर इतक्या सहज चिकटतं की नियम लिहिणाऱ्यांनी केलेलं हे बारीक काम वाया गेल्यासारखं वाटतं.

आता ग्रॅमबद्दल. मी ग्रॅम मोजण्यातच आयुष्य काढलं, म्हणून हे लिहिताना थोडं जड जातं, पण नुसते ग्रॅम पुरत नाहीत. ओट्समधून काढलेल्या ग्लुकॅनचा दाट द्राव घेऊन त्यात ती साखळी कापणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) एखादा थेंब टाकला, तर काही मिनिटांत तो पाण्यासारखा वाहायला लागतो. हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना दर वर्षी करून दाखवत असे, आणि दर वर्षी कुणीतरी नळी उलटी करून टेबल ओलं करत असे. द्रावातलं ग्लुकॅन कुठे गेलेलं नसतं. लांब साखळीचे तुकडे झालेले असतात, एवढंच. मोजलं तर आकडा तोच येतो, काम मात्र गेलेलं असतं.

माणसांत काय होतं, तेही मोजून झालंय. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांचं ग्लुकॅन असलेलं न्याहारीचं धान्य लोकांना चार आठवडे दिलं. साखळीचा रेणुभार (साखळी जितकी लांब तितका तो जास्त) सुमारे 22 लाख असताना 3 ग्रॅमने एलडीएल 5.5 टक्के उतरलं. 2 लाखांच्या आसपास असताना 4 ग्रॅम देऊनही जेमतेम 2.3 टक्के. म्हणजे जास्त खाऊन कमी फायदा! पिठात मुळातच असलेली विकरं कणीक तिंबून ठेवली की हेच साखळ्या कापायचं काम करतात. प्रक्रियेत तापमान आणि दाब फार वाढवले तरी साखळी तुटते. गंमत अशी की दुसऱ्या धंद्यांत हीच चिकटाई नकोशी असते. बिअर बनवणाऱ्यांच्या गाळण्या ती तुंबवते. कोंबड्यांना जवाचं खाद्य दिलं की त्यांची विष्ठा चिकट होते, म्हणून त्या खाद्यात साखळी तोडणारं विकर मुद्दाम घालतात. कोंबडीच्या खाद्यात साखळी तुटली की नाही याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं जातं, आणि माणसाच्या पाकिटावर त्याबद्दल अवाक्षर नसतं.

मोठ्या आतड्यात गोष्ट वेगळी होते. आपल्याकडे हे जोड तोडणारं विकर नाही, तिथल्या जीवाणूंकडे आहे. ते ग्लुकॅन आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्लं तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन आहे. ही मेदाम्लं आतड्यातल्या काही पेशींना भूक शमवणारी संप्रेरकं सोडायलाही सुचवतात. अर्थात ओट्सचा वाडगा खाऊन भूक खरोखर किती कमी होते, याबद्दल चाचण्यांचं एकमत नाही. आंबण्यातून वायूही होतो, ते कुणी सांगत नाही. एकदम 3 ग्रॅमवर उडी मारणाऱ्याचं पोट दोन दिवसांत त्याला ते सांगतं.

आणि इथून पुढे कर्करोगाचा प्रांत सुरू होतो, जिथे लेबलं बोलायला अतिशय उत्सुक असतात.

ब्युटिरेटमुळे काचेच्या बशीतल्या कर्करोगपेशींची वाढ मंदावते, हे खरं आहे. बशीतलं सत्य ताटात जसंच्या तसं येत नाही, हेही तितकंच खरं आहे. माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासांचं 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एकत्रित विश्लेषण आलं. त्यात रोजच्या आहारात 10 ग्रॅम तंतू जास्त असणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 10 टक्के कमी दिसला. पण तो सगळ्या तंतूंचा मिळून होता, आणि अख्खी धान्यं खाणारा माणूस इतरही बरंच काही वेगळं करत असतो. त्याआधी 2000 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन मोठ्या चाचण्या आल्या होत्या. एकीत भरपूर तंतूंचा आणि कमी चरबीचा आहार, दुसरीत गव्हाचा कोंडा. आतड्यातल्या गाठी (पॉलिप) पुन्हा होणं दोन्हींत थांबलं नाही. म्हणून तंतू निरुपयोगी ठरत नाहीत. गाठ होऊन कर्करोग व्हायला जो काळ लागतो त्यापुढे तीन-चार वर्षांची चाचणी तोकडी असते. पण ‘ओट्सचं बीटा-ग्लुकॅन कर्करोग टाळतं’ असं म्हणायला लागणारा पुरावा कुणाच्याही खिशात नाही, आणि माझ्या नणंदेला कुणीतरी तो असल्यासारखं भासवलं.

कुठून आलं ते? माझ्या मते, दुसऱ्या बीटा-ग्लुकॅनच्या कहाणीतून. 1969 साली जपानमध्ये गोरो चिहारा आणि सहकाऱ्यांनी शिटाके अळंबीतून लेंटिनन हे ग्लुकॅन वेगळं केलं आणि उंदरांमधल्या गाठींवर त्याचा परिणाम ‘नेचर’मध्ये मांडला. 1985 साली जपानमध्ये जठराच्या कर्करोगात केमोच्या जोडीला द्यायचं औषध म्हणून त्याला मंजुरी मिळाली. हा भाग प्रत्येक जाहिरातीला तोंडपाठ असतो. पुढचा भाग गाळला जातो. लेंटिनन हे इंजेक्शन आहे, ते रुग्णालयात शिरेतून देतात. पुढे जठराच्या वाढलेल्या कर्करोगात एस-1 या केमोच्या औषधाच्या जोडीला लेंटिनन देऊन तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, तेव्हा रुग्णांचं आयुष्य त्याने वाढलं नाही.

त्यामागचं जीवशास्त्र मात्र खोटं नाही. बुरशीच्या भिंतीतला हा फांद्यांचा पदार्थ आपल्या संरक्षक पेशींना ओळखीचा असतो. त्यांच्या पृष्ठभागावरचा डेक्टिन-1 नावाचा ग्राही तो पकडतो, हे 2001 साली गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी दाखवलं. बुरशी आत शिरल्याची वर्दी शरीराला अशी मिळते. या वर्दीचा कर्करोगावर उपयोग करता येईल का, यावर गंभीर संशोधन चालू आहे आणि ते चालू राहावं. पण शिरेतून दिलेला शुद्ध रेणू, तोंडाने घेतलेली कॅप्सूल आणि सकाळचे ओट्स यांच्यात पुराव्याची उसनवारी चालू द्यायची की नाही, हा प्रश्न संशोधकांपुढचा नाही, तुमच्यापुढचा आहे.

तो डबा मी मागवून घेतला. पुढे ठळक नाव, त्याखाली ‘रोगप्रतिकारशक्तीला आधार’, मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत यीस्टचा उल्लेख. एका कॅप्सूलमध्ये 250 मिलिग्रॅम, दिवसाला एक. कोपऱ्यात एका ओंबीचं चित्र. यीस्टच्या डब्यावर ओंबी! माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तिच्या प्रयोगशाळेत मला अर्धा दिवस जागा दिली. धान्यातलं बीटा-ग्लुकॅन मोजायची पद्धत अशी: लिकेनेज नावाचं विकर साखळी कापतं, दुसरं विकर तुकड्यांचं ग्लुकोज करतं, आणि शेवटी ग्लुकोज असेल तितका गुलाबी रंग चढतो. ओट्सच्या पिठाची नळी छान गुलाबी झाली. कॅप्सूलमधल्या पावडरीची नळी जवळजवळ पांढरीच राहिली. लिकेनेजला 1,3 आणि 1,4 असे मिश्र जोडच लागतात, यीस्टचे जोड ते ओळखतच नाही.

यावरून पावडर बनावट ठरत नाही, हे मी मुद्दाम सांगते. यीस्टचं ग्लुकॅन मोजायची पद्धत निराळी आहे आणि त्यात कदाचित 250 मिलिग्रॅम भरेलही. सांगायचं आहे ते वेगळंच. ज्या दोन पदार्थांना मोजायला एक पद्धत चालत नाही, त्यांना लेबलावर एक नाव कसं चालतं?

अळंबीच्या चूर्णांचा घोटाळा तर आणखी पुढचा. तिथे एकूण ग्लुकॅन मोजून त्यातून पिष्टासारखं अल्फा-ग्लुकॅन वजा करावं लागतं. काही उत्पादनांत अळंबीचं नुसतं तंतुजाळ धान्यावर वाढवून धान्यासकट दळतात. त्यावर ‘पॉलिसॅकराइड इतके टक्के’ असं छापलं की आकडा भरघोस दिसतो आणि त्यातला मोठा वाटा साध्या पिष्टाचा असू शकतो. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या कड्यांची कोणतीही लांब साखळी. पिष्टही पॉलिसॅकराइडच, म्हणजे खोटं कुणीच बोललेलं नसतं.

तुमच्याकडे यासाठी लागणारी हत्यारं आहेत. अन्न हे रोग बरा करतं किंवा टाळतं, असा दावा कोडेक्सच्या निकषांत किंवा देशाच्या कायद्यात मुभा असल्याशिवाय करू नये, हे तुमच्या 1979 च्या दाव्यांविषयीच्या तत्त्वांत आहे. पोषणाच्या दाव्यांची मार्गदर्शक तत्त्वं 1997 पासून आहेत, आरोग्याचे दावे त्यांत 2004 साली आले. 2009 साली तुम्ही आहारातल्या तंतूंची व्याख्या ठरवली, आणि किती कड्यांच्या साखळीला तंतू म्हणायचं यावर किती वर्षं खल झाला ते आमच्या क्षेत्रातल्या माणसांना आठवतंय. कड्यांची संख्या जर एवढ्या चर्चेला पात्र होती, तर कड्यांचा जोड का नाही?

मला हवंय ते असं. ‘बीटा-ग्लुकॅन’ हा शब्द पाकिटाच्या पुढच्या बाजूला छापायचा असेल, तर त्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, ते ओट्सचं, जवाचं, यीस्टचं की कोणत्या अळंबीचं ते छापलंच पाहिजे. एका वाढणीत किती ग्रॅम, आणि दिवसाच्या 3 ग्रॅमपैकी तो कितवा हिस्सा, हेही. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियमांत दिवसाचं प्रमाण सांगायची सक्ती आहेच, ती सगळीकडे न्या. कोलेस्टेरॉलचा दावा करणाऱ्याने तयार पदार्थात साखळी शाबूत आहे हे दाखवावं. त्यासाठी रुग्णांवर नव्या चाचण्या नकोत. पचनासारख्या परिस्थितीत त्या पदार्थाचा द्राव किती दाट होतो, हे कुठलीही बरी प्रयोगशाळा मोजून देईल. उत्पादक म्हणतील खर्च वाढेल. वाढेल थोडा. कोंबड्यांसाठी परवडतो.

आणि ‘रोगप्रतिकारशक्तीला आधार’ या चार इंचांच्या ओळीचं काहीतरी करा. तिच्यात रोगाचं नाव नसतं, म्हणून ती नियमात बसते. पण केमो चालू असलेल्या घरात ती वाचली जाते तेव्हा रोगाचं नाव वाचणाराच भरतो. शिवाय तिथे धोकाही नुसता पैशांचा नसतो. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा जुलाब सुरू असताना डॉक्टर कधीकधी तंतू कमी करायला सांगतात. बुरशीचा संसर्ग शोधायला रुग्णाच्या रक्तात 1,3-बीटा-ग्लुकॅन मोजायची एक तपासणी आहे, आणि लेंटिननसारखं इंजेक्शन चालू असेल तर ती संसर्ग नसतानाही होकारार्थी येऊ शकते. म्हणजे रुग्णालयात याच शब्दाला तिसरा अर्थ आहे आणि तो चांगला नाही.

नणंदेला मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. कॅप्सूल त्यांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नको म्हटलं, ती ओट्सचं काम करत नाही हेही सांगितलं. भावोजींना ओट्स जात नसतील तर आत्ता राहू देत, पोट सावरलं की बघू. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “पण वहिनी, डब्यावर ओंबीचं चित्र होतं हो.”

डबा माझ्याकडेच आहे. लेबलाचे दोन्ही बाजूंचे फोटो हवे असतील तर कळवा, पाठवते.

आपली,
धान्यातले तंतू मोजणारी एक निवृत्त रसायनतज्ज्ञ